विश्लेषण : जपानची दारे बंद करणारा शोगुन आणि त्याचे कुंडीतले पाइन

मराठीत ‘बोन्साय’ हा शब्द बहुतेक वेळा नाराजीच्या सुरात येतो. एखाद्या पक्षाचा, संस्थेचा किंवा हुशार माणसाचा ‘बोन्साय करून टाकला’ म्हटले की त्याची वाढ मुद्दाम खुंटवली, असा अर्थ होतो. घरात बोन्साय ठेवले तर घराची प्रगती थांबते, असेही अनेक जण मानतात. तोक्योच्या शाही राजवाड्यात मात्र पाइनचे एक झाड आहे. त्याचे वय सुमारे ५०० वर्षे मानले जाते, ते कुंडीत आहे आणि आजही त्याला दर वसंतात नवे कोंब फुटतात. जपानी भाषेत त्याला ‘तिसऱ्या शोगुनचे पाइन’ म्हणतात. हा तिसरा शोगुन म्हणजे तोकुगावा इएमित्सु. कठोर, संशयी, जगासाठी जपानची दारे लावून घेणारा आणि कुंडीतल्या झाडांवर जीव टाकणारा. बोन्सायचा इतिहास समजून घ्यायचा तर या माणसाचे आयुष्य हा एक चांगला रस्ता आहे.

इएमित्सु कोण होता?

इएमित्सुचा जन्म १६०४ मध्ये एदोच्या किल्ल्यात झाला. एदो म्हणजे आजचे तोक्यो. तो काळ आपल्याकडचा कोणता, हे पाहायला धाराशिव जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. अहमदनगर मुघलांच्या हाती पडल्यावर १६०० मध्ये मलिक अंबरने मुर्तजा निजामशहाला परंड्यात गादीवर बसवले होते आणि परंड्याचा किल्ला काही वर्षे निजामशाहीची राजधानी होता. इएमित्सु नऊ वर्षांचा असताना, १६१३ मध्ये, नळदुर्गात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात आदिलशाही पाणीमहाल उभा राहिला. दख्खनमध्ये सत्ता रोज हात बदलत होती, तेव्हा जपानमध्ये शंभर वर्षांची यादवी नुकतीच संपली होती.

ती संपवली इएमित्सुच्या आजोबांनी. तोकुगावा इएयासु यांनी १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई जिंकली आणि १६०३ मध्ये ते शोगुन झाले. शोगुन म्हणजे नावाला सम्राटाचा सेनापती, प्रत्यक्षात देशाचा खरा सत्ताधीश. सम्राट क्योतोत राहत, कारभार एदोतून चाले. छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यातून, ही आपल्याकडची नंतरची रचना आठवली तर चित्र पटकन डोळ्यांसमोर येते. तुलना अर्थात फार ताणू नये.

लहानपणी इएमित्सु अशक्त होता, बोलताना अडखळायचा, असे सांगतात. आईवडिलांचा ओढा धाकट्या तादानागाकडे होता. तो देखणा आणि चुणचुणीत. थोरल्याला डावलून धाकट्याला गादी मिळणार, अशी कुजबुज किल्ल्यात सुरू झाली. इएमित्सुची दाई कासुगा नो त्सुबोने हिने थेट म्हाताऱ्या इएयासुंपर्यंत गाऱ्हाणे नेले आणि आजोबांनी थोरल्या नातवाला वारस ठरवले, अशी परंपरागत कथा आहे. ही दाई पुढे राजवाड्यातली सर्वांत वजनदार स्त्री झाली. १६२९ मध्ये इएमित्सुला देवी आल्या तेव्हा, तो बरा व्हावा म्हणून आपण आयुष्यभर औषध घेणार नाही, असा नवस तिने केला. १६४३ मध्ये ती स्वतः मरणाला टेकली तेव्हा त्याने औषध पाठवले. तिने ते घेतले नाही, असे म्हणतात.

आईच्या नजरेतून उतरलेला आणि दाईने जपलेला हा मुलगा १६२३ मध्ये, विशीही पुरती न ओलांडता, शोगुन झाला.

सत्ता हातात आल्यावर त्याने काय केले?

पहिली नऊ वर्षे वडील हिदेतादा मागे राहून सूत्रे हलवत होते. १६३२ मध्ये ते गेले आणि इएमित्सु मोकळा झाला. पुढच्या दोन वर्षांच्या आत धाकट्या तादानागाला आत्महत्या करावी लागली. तादानागाचे वागणे बेताल होते, हे कारण पुढे केले गेले. ते काही प्रमाणात खरेही असेल. पण लहानपणचा हिशेबही तिथे चुकता झाला, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

१६३४ मध्ये इएमित्सु सुमारे तीन लाख माणसांचा लवाजमा घेऊन क्योतोला गेला. सम्राटाला मान द्यायचा आणि ताकदही दाखवायची, असा दुहेरी बेत. त्याच सुमारास निक्को येथे आजोबांचे समाधी-मंदिर त्याने नव्याने, भरपूर सोने आणि नक्षी ओतून उभारले. त्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने एका सरदाराने सुमारे वीस वर्षे खपून देवदारासारखी उंच वाढणारी सुगी झाडे लावली. त्यातली हजारो झाडे आजही उभी आहेत आणि झाडांची ती रांग सुमारे ३५ किलोमीटर लांब आहे. एकाच राजवटीत एकीकडे आभाळाला भिडणारी झाडे लावली जात होती आणि दुसरीकडे तळहाताएवढ्या कुंडीत पाइन वळवला जात होता.

त्याचा सर्वांत परिणामकारक निर्णय १६३५ चा. प्रांतांच्या सरदारांनी, म्हणजे दाइम्योंनी, ठरावीक काळ आपल्या प्रांतात आणि ठरावीक काळ एदोत राहायचे. बायकामुले मात्र कायम एदोत. या पद्धतीला ‘संकिन-कोताई’ म्हणतात. कुटुंब ओलीस, जाण्यायेण्याचा खर्च प्रचंड, त्यामुळे बंड करायला ना पैसा उरे ना हिंमत. मुळे आखूड ठेवली की झाड हाताबाहेर जात नाही, हे या माणसाला दोन्हीकडे कळले होते!

या सक्तीचा एक अनपेक्षित परिणाम झाला आणि तो आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. एदोत शेकडो सरदारांचे वाडे उठले. वाड्याला बाग आली, बागेला माळी आले. प्रत्येक सरदार आपल्या प्रांतातली वेगळी झाडे, वेगळी फुले घेऊन येऊ लागला. शोगुनला भेट काय द्यायची, तर दुर्मीळ रोप. एका मुत्सद्दी जुलमातून जगातल्या सर्वांत झाडवेड्या शहरांपैकी एक शहर घडले. १६९२ मध्ये तर एदोतल्या एका माळ्याने नुसत्या अझेलिया या फुलझाडाच्या जातींवर सचित्र पुस्तक छापले.

कुंडीतल्या झाडांचे वेड कुठून आले?

घरातूनच. तोकुगावांच्या पहिल्या तिन्ही शोगुनांना झाडाफुलांची आवड होती. हिदेतादा कॅमेलियाच्या फुलांसाठी वेडे होते. एदोच्या किल्ल्यात कुंपण घातलेली खास फुलबाग होती. इएमित्सुच्या काळातले एदो शहर रंगवलेल्या एका प्रसिद्ध घडीच्या पडद्यावर ती आजही दिसते.

इएमित्सुचा जीव मात्र कुंडीतल्या झाडांत अडकला. तेव्हा त्यांना ‘हाचि नो की’, म्हणजे कुंडीतले झाड, म्हणत. ‘बोन्साय’ हा शब्द सर्रास रूढ झाला तो खूप नंतर. ‘बोन’ म्हणजे उथळ भांडे, ‘साय’ म्हणजे लावलेले. शब्दात ‘बुटके’, ‘खुजे’ असे काहीच नाही. तो अर्थ आपण चिकटवला.

या वेडाची एक गोष्ट जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ओकुबो हिकोझाएमोन हा इएयासुंच्या लढाया पाहिलेला म्हातारा, फटकळ सरदार. शोगुन कारभारापेक्षा कुंड्यांत जास्त रमतो, हे त्याला खटके. एकदा त्याने इएमित्सुच्या देखत त्याचे लाडके झाड उचलले आणि बागेत भिरकावून दिले. ज्याच्या शब्दावर माणसे पोट फाडून घेत, त्या शोगुनने म्हाताऱ्याला काही केले नाही. आणि झाडांचा नादही सोडला नाही. गोष्ट शब्दशः खरी मानायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. लोकांना ती साडेतीनशे वर्षे सांगावीशी वाटली, यातूनच त्या काळात हा नाद किती प्रसिद्ध होता ते कळते.

सामुराईंच्या मनात कुंडीतल्या झाडाला मान होता, त्याचे एक कारण नोह रंगभूमीवरचे ‘हाचि नो की’ हे जुने नाटक. बर्फाच्या रात्री एक भटका भिक्षू एका कंगाल सामुराईच्या झोपडीत आसरा मागतो. घरात सरपण नाही. चांगल्या दिवसांतली शेवटची खूण म्हणून त्याने कुंडीतली तीन झाडे जपलेली असतात : प्लम, चेरी आणि पाइन. पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून तो ती तिन्ही तोडून जाळतो. भिक्षू म्हणजे वेष बदलून फिरणारा राज्याचा माजी कारभारी होजो तोकियोरी असतो. पुढे तो सामुराईला बक्षीस देतो ते तीन गावांचे, आणि तिन्ही गावांच्या नावांत त्या झाडांची नावे असतात.

बोन्साय मुळात जपानचे की चीनचे?

मूळ चीनचेच. तिथे या कलेला ‘पेनजिंग’ म्हणतात आणि तिच्यात झाडाबरोबर दगड, पाणी, डोंगर असा सगळा देखावाच थाळीत मांडतात. चीनमधल्या एका तांग राजपुत्राच्या ७०६ सालच्या थडग्यात भिंतींवर चित्रे आहेत. त्यात सेविका हातात असा छोटा देखावा घेऊन चालली आहे. बौद्ध भिक्षू आणि व्यापारी यांच्यामार्फत ही कला जपानमध्ये गेली. १३०९ च्या एका जपानी चित्रगुंडाळीत थाळीतली झाडे स्पष्ट दिसतात. जपान्यांनी पसारा कमी केला. थाळीत एकच झाड आणि त्याभोवती भरपूर रिकामी जागा.

भारतातही प्राचीन काळी ‘वामनवृक्ष’ करत, असे अनेकदा अभिमानाने सांगितले जाते. औषधी झाडे कुंडीत ठेवण्याची सोय वैद्यांनी केलीही असेल. पण चित्रांतून, पुस्तकांतून, घराण्यांतून सलग दिसणारी परंपरा आहे ती चीन आणि जपानची. तिचे श्रेय त्यांना देण्यात आपले काही कमी होत नाही.

मग ही कला जगापासून लपून कशी राहिली?

याचे उत्तरही इएमित्सुच. तो शोगुन झाला त्याच वर्षाच्या अखेरीस एदोत ५० ख्रिस्ती लोकांना जाळून मारण्यात आले. ख्रिस्ती धर्म म्हणजे पोर्तुगीज आणि स्पॅनिश सत्तेची पहिली पायरी, ही भीती त्याच्या आधीपासूनची होती. त्या भीतीचा एक बळी आपल्या वसईचा होता. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर चढवले गेले. पुढे १८६२ मध्ये चर्चने त्यांना संतपद दिले. जपानकडे जाणाऱ्या पोर्तुगीज जहाजांचा आणि पाद्र्यांचा मुख्य तळ गोवा होता, त्यामुळे हा धागा आपल्या किनाऱ्यापासूनच सुरू होतो.

इएमित्सुने तो धागा तोडला. १६३३ ते १६३९ या काळात त्याने एकामागून एक फर्माने काढली. जपानी माणसाने परदेशी जायचे नाही. गेलेल्याने परत यायचे नाही, आला तर मृत्युदंड. १६३७ च्या अखेरीस शिमाबारा भागात करांनी पिचलेले शेतकरी, त्यातले पुष्कळ ख्रिस्ती, बंड करून उठले. एका जुन्या किल्ल्यात त्यांनी काही महिने तग धरला. किल्ला पडल्यावर सरसकट कत्तल झाली. बळींचा आकडा सुमारे ३७ हजार सांगितला जातो. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना कायमची बंदी झाली. दुसऱ्या वर्षी मकाववरून विनवणी करायला आलेल्या पोर्तुगीज शिष्टमंडळातल्या ६१ जणांची मुंडकी उडवली गेली. १६४१ पासून युरोपियनांपैकी फक्त डच उरले आणि तेही नागासाकीजवळच्या देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर कोंडलेले.

दोनशेहून अधिक वर्षे ही दारे जवळपास बंद राहिली. या काळात कुंडीतली झाडे एदोच्या वाड्यांतून व्यापाऱ्यांच्या घरी आणि तिथून गल्लीबोळातल्या सामान्य माणसाच्या दारात पोहोचली; देशाबाहेर मात्र गेली नाहीत. देजिमावरच्या डच लोकांनी मायदेशी लिहून कळवले, की चिमुकल्या डबीत इथे पाइन, बांबू आणि फुललेला प्लम एकत्र वाढवतात. युरोपात ते वाचून कुणाचा विश्वास बसला असेल का, कोण जाणे.

शेवटची वर्षे

१६४० नंतर जपानवर मोठा दुष्काळ आला. गुरांची साथ, अवकाळी थंडी, बुडालेली पिके, आणि १६४२-४३ मध्ये भूकबळी. त्याआधी दहाच वर्षे, १६३० ते १६३२, दख्खन आणि गुजरातने तसाच भयानक दुष्काळ पाहिला होता. इएमित्सुच्या सरकारने तांदळाची दारू गाळण्यावर निर्बंध घातले, धान्याच्या वाटपाचे हुकूम सोडले आणि १६४३ मध्ये शेतजमिनीच्या कायमच्या विक्रीवर बंदी घातली. दुष्काळात शेतकरी जमीन विकतो, मग पुन्हा कधी उभा राहत नाही, हे त्यांनी पाहिले होते. मराठवाड्यातल्या वाचकाला यापुढे काही समजावून सांगायला नको. शेतकऱ्यावर करांचा बोजा लादणारेही हेच सरकार होते, हे मात्र विसरता येत नाही.

तब्येत त्याची कधीच धड नव्हती. १६५१ मध्ये, ४७ व्या वर्षी, तो गेला. गादीवर आला दहा वर्षांचा मुलगा इएत्सुना. धन्यामागे जगायचे नाही, या रिवाजाप्रमाणे होत्ता मासामोरी आणि आबे शिगेत्सुगु यांच्यासारख्या बड्या सरदारांनी पाठोपाठ आत्महत्या केली. पुढे १६६३ मध्ये इएत्सुनाच्या सरकारनेच या प्रथेवर बंदी आणली. इएमित्सुची समाधी निक्कोलाच, आजोबांच्या मंदिराजवळ आहे.

मालक गेल्यावर झाड कसे टिकले?

इथे बोन्सायबद्दलचा मुख्य गैरसमज दूर करायला हवा. बोन्सायची वाढ थांबवलेली नसते. वाढ थांबली की झाड मेलेच. ते सतत वाढते, म्हणून तर त्याला सतत छाटावे लागते.

कुंडीत मुळांना जागा थोडी. दोन-तीन वर्षांत ती गोल गोल फिरून कुंडी भरून टाकतात, पाणी आत शिरेनासे होते आणि झाड गुदमरते. म्हणून झाड बाहेर काढून मुळांचा काही भाग, साधारण एक तृतीयांश, कापतात. नवी माती घालून पुन्हा लावतात. म्हाताऱ्या पाइनला हे चार-पाच वर्षांतून एकदा पुरते. मुळे कापली की वरच्या फांद्याही त्या प्रमाणात छाटायच्या, कारण थोड्या मुळांना जास्त पाने पोसता येत नाहीत. कापलेल्या जागी नवी, बारीक, तरुण मुळे फुटतात. अशा रीतीने झाड म्हातारे होत जाते आणि त्याची मुळे मात्र पुन्हा पुन्हा कोवळी होतात. आकारासाठी फांदीला तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळून काही महिने वळण देतात. सालीत रुतण्याआधी तार काढावी लागते.

हा छळ आहे का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. द्राक्षबागेत दरवर्षी दोनदा छाटणी होते, तिला आपण छळ म्हणत नाही. छळ होतो तो विकत आणून कोपऱ्यात ठेवलेल्या आणि आठवड्याने आठवलेल्या झाडाचा.

कारण या सगळ्यात अवघड काम आहे पाणी. उथळ कुंडीतली माती उन्हाळ्यात काही तासांत सुकते. तिसऱ्या शोगुनचे पाइन आज जिवंत आहे याचा अर्थ असा, की साडेतीनशेहून अधिक वर्षांत असा एकही कडक उन्हाळा गेला नाही ज्यात त्याला पाणी घालायचे सगळेच विसरले. शोगुनशाही संपली, १८६८ मध्ये सत्ता सम्राटाकडे गेली, एदोच्या किल्ल्याचा राजवाडा झाला, १९२३ च्या भूकंपात शहर जळाले, १९४५ मध्ये बॉम्बवर्षावात पुन्हा जळाले. प्रत्येक वेळी कुणीतरी झारी घेऊन उभे होते. इएमित्सुचे नाव झाडाला मिळाले. त्या माळ्यांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत.

जगभर प्रसार कधी झाला?

१८५३ मध्ये अमेरिकी युद्धनौका जपानच्या किनाऱ्याला लागल्या आणि इएमित्सुने लावलेली दारे उघडू लागली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात कुंडीतली झाडे लोकांनी पाहिली. १८८९ आणि १९०० मध्ये पुन्हा. १९१० मध्ये लंडनची पाळी आली. १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योतले बोन्साय माळी शहराबाहेर मोकळी हवा आणि चांगले पाणी शोधत ओमिया येथे गेले आणि १९२५ पासून तिथे बोन्सायचे गावच वसले. १९८९ मध्ये पहिले जागतिक बोन्साय संमेलन भरले तेही ओमियातच.

सर्वांत विलक्षण प्रवास मात्र एका दुसऱ्या पाइनचा आहे. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षे झाली म्हणून जपानने ५३ बोन्साय भेट दिले. त्यातले एक होते हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचे. १६२५ पासून, म्हणजे इएमित्सु शोगुन झाल्यानंतर दोनच वर्षांनी, त्याला वळण द्यायला सुरुवात झाली होती. मासारु यामाकी यांनी ते देताना फारसे काही सांगितले नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू वॉशिंग्टनच्या संग्रहालयात झाड पाहायला गेले, तेव्हा त्यांनी उलगडा केला : ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला तेव्हा हे झाड स्फोटाच्या ठिकाणापासून सुमारे तीन किलोमीटरवर, कुटुंबाच्या रोपवाटिकेत, एका भिंतीच्या आडोशाला होते. ज्या देशाने बॉम्ब टाकला, त्याच देशाला ते भेट मिळाले होते. २५ वर्षे तिथल्या माळ्यांनी हे माहीत नसतानाच त्याला रोज पाणी घातले होते.

महाराष्ट्रात मुंबईच्या इंडो-जपानी असोसिएशनच्या बोन्साय अभ्यास गटाने ही कला रुजवली. पुण्यात २०१८ मध्ये भरलेल्या प्रदर्शनात हजारो झाडे मांडली गेली. आपल्या मंडळींनी पाइनच्या मागे न लागता वड, पिंपळ, उंबर, चिंच यांना हात घातला, हे शहाणपणाचे झाले.

धाराशिवच्या उन्हात बोन्साय जगेल?

पाइन नाही जगणार. पण वड-पिंपळ नक्की जगतील, आणि त्याचा पुरावा इथल्या प्रत्येक जुन्या भिंतीवर आहे. नळदुर्ग किंवा परंड्याच्या तटाकडे नीट पाहा. दगडांच्या फटीत मूठभर मातीवर पिंपळाचे रोप उभे दिसते : खोड जाड, उंची हातभर, पाने लहान. पक्ष्याने टाकलेले बी, कमी माती, कमी पाणी, भरपूर ऊन. निसर्गाने केलेले बोन्सायच ते. किल्ले संरक्षित स्मारके आहेत, तिथून काही उपटायचे नाही. आपल्या घराच्या कठड्यावर, आडाच्या कडेला, पाण्याच्या टाकीखाली उगवलेली अशी रोपे मात्र जरूर काढावीत. भिंतही वाचते. पावसाळ्याच्या तोंडाशी, शक्य तितकी मुळे राखून काढले तर रोप सहसा धरते.

चूक होते ती मातीत. आपली काळी माती कपाशीला कितीही चांगली असली तरी कुंडीत नको. ओली झाली की चिकट गोळा होते, सुकली की भेगाळते आणि मुळे तुटतात. विटांची चाळलेली भरड, बारीक मुरूम आणि थोडे कुजलेले शेणखत, असे पाणी झरझर उतरणारे मिश्रण हवे. कुंडीच्या तळाला भोके हवीतच. झाड घरात टीव्हीशेजारी ठेवू नका. वड-पिंपळाला ऊन लागते. मार्च ते जूनमध्ये दुपारचे ऊन टाळण्यासाठी हिरवी जाळी बांधा आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी घाला. स्वयंपाकघरात भाज्या-तांदूळ धुतलेले बिनमिठाचे पाणी चालते, त्यामुळे टँकरच्या दिवसांतही एखादे झाड सांभाळणे जड जात नाही. आणि ऐन मे महिन्यात लग्नाकार्यासाठी चार दिवस गावाला जायचे असेल, तर निघण्याआधी शेजारच्या कुणालातरी पाण्याचे सांगून ठेवा. चौथ्या दिवशी परत येऊन घातलेले पाणी त्या कुंडीच्या कामाचे नसते.